श्रीमाणिकप्रभू : एकांत आणि लोकांत

रिकामा वेळ मिळाला की काही मुले सवंगड्यांत रमतात, तर काही एकटीच दूर जाऊन बसतात. यांपैकी खरे सुख कोणाला, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर आपल्याच बीदर जिल्ह्यातील एका सत्पुरुषाच्या चरित्रात सापडते.

श्रीमाणिकप्रभूंचा जन्म इ. स. १८१७ मध्ये दत्तजयंतीच्या दिवशी, कल्याणजवळील लाडवंती या गावी झाला. पित्याचे नाव मनोहर नाईक व मातेचे बयादेवी. पितृछत्र लवकर हरपल्यामुळे ते कल्याण येथे मामांच्या घरी वाढले. पण शाळेपेक्षा त्यांना रानाची ओढ अधिक. सवंगड्यांबरोबर खेळावे, गावे आणि मन झाले की एकट्यानेच डोंगरदऱ्यांत निघून जावे, असा त्यांचा क्रम होता. भाचा वाया जाणार, अशी मामांना चिंता वाटू लागली. त्यांनी त्याला एका नाक्यावर कामाला लावले. परंतु त्यात मन न रमल्याने प्रभूंनी ते काम व घर दोन्ही सोडले, असे सांगतात. मामांचा राग हा मायेपोटीच होता. मात्र मुलाचे भटकणे नेहमीच आळसाचे नसते, हे त्यांना त्या वेळी कसे कळावे?

पुढे अंबीलकुंडाच्या गुहेत प्रभूंनी एकांतात साधना केली. नंतर पुष्कळ भ्रमण करून १८४५ च्या सुमारास ते हुमनाबादजवळ, विरजा व गुरुगंगा यांच्या संगमावर स्थिरावले. तेच आजचे माणिकनगर. एकांताची एवढी गोडी असलेल्या या पुरुषाने तेथे दरबार भरविला तो लोकांचा! गवई आले, वादक आले. हिंदू, मुसलमान, लिंगायत असे सर्व पंथांचे लोक आले. प्रभूंनी स्वतः मराठी, कन्नड व हिंदी भाषांत पदे रचली. सर्व मते एकाच सत्याकडे नेतात, हा त्यांच्या सकलमत संप्रदायाचा गाभा. भक्तांनी जे वाहावे, ते प्रभूंनी गरजूंना वाटून टाकावे, अशी तेथील रीत होती.

इ. स. १८६५ मध्ये, मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांनी समाधी घेतली. माणिकनगरात दत्तजयंतीच्या उत्सवात आजही गायनवादन होते.

विद्यार्थी मित्रहो, विहीर भरते ती भूमीच्या पोटात, कोणाच्या दृष्टीस न पडता; पण तिचे सार्थक होते ते काठावर घागरी आल्यावर. उपसा नसेल तर पाणी कुजते आणि झरे नसतील तर विहीर आटते. प्रभूंचा एकांत हा झरा होता आणि दरबार हा उपसा. म्हणून कोणी मित्र एकटा बसलेला दिसला, तर त्याची थट्टा करू नका; आणि तुम्ही स्वतः एकांतात काही मिळविले असेल, तर ते चार जणांत वाटावयास विसरू नका. पालकांनीही एवढे ध्यानी घ्यावे की, मुलाचा रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे.