ओसामू तेझुका

ओसामू तेझुका (३ नोव्हेंबर १९२८ – ९ फेब्रुवारी १९८९) हे जपानी चित्रकथाकार व ॲनिमेशनपटांचे निर्माते होते. यंत्रमानव आणि अंतराळप्रवास यांवरील त्यांच्या विज्ञानचित्रकथा विशेष गाजल्या.

जीवन

त्यांचा जन्म ओसाकानजीकच्या तोयोनाका येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात सक्तीचे काम करीत असताना त्यांनी ओसाकावरील बॉम्बवर्षाव अनुभवला. युद्धोत्तर काळात वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच ते चित्रकथा प्रसिद्ध करू लागले. पदवी मिळवूनही त्यांनी चित्रकथालेखन हाच व्यवसाय स्वीकारला.

कार्य

'शोनेन' मासिकातून १९५२ ते १९६८ या काळात त्यांची 'तेत्सुवान आतोमु' (ॲस्ट्रो बॉय) ही चित्रकथा प्रसिद्ध झाली. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्याच रूपाचा यंत्रमानव घडवतो. परंतु तो वाढत नाही हे ध्यानी येताच त्याला सर्कशीला विकतो. अणुशक्तीवर चालणारा हा आतोमु पुढे माणसांचे रक्षण करतो. तरीही यंत्रमानवांना समान वागणूक मिळत नाही. या अन्यायाचे चित्रण कथामालेत वारंवार येते. १९६३ पासून तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली.

प्राचीन काळापासून दूरच्या भविष्यातील अंतराळयुगापर्यंत पसरलेली त्यांची 'हि नो तोरी' (फिनिक्स) ही चित्रकथा, जठराच्या कर्करोगाने टोकियो येथे झालेल्या त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिली.