व्हीटीचा स्टीव्हन्स आणि आपल्या बाजूचे कामाठी

आदिलाबादला नंदिग्राम एक्स्प्रेसमध्ये बसलं की रात्रभराच्या प्रवासानंतर ती थेट सीएसएमटीला नेऊन सोडते. आमच्या घरी मात्र अजून सगळे व्हीटीच म्हणतात. मोतमाउलीच्या जत्रेसाठी आम्ही घरची मंडळी वांद्र्याला गेलो, तेव्हा मी पहिल्यांदा त्या स्टेशनावर उतरले. लोकल पकडायची घाई होती. पण बाबा बाहेर आले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि मान वर करून उभेच राहिले. बाबा गवंडी आहेत, आमच्याकडे मेस्त्री म्हणतात. त्यांचा प्रश्न एकच होता. एवढा मोठा दगडी घुमट, तर त्याच्या खाली सेंटरिंग कसं लावलं असेल? तेवढ्या उंचीवर लाकडं चढवली कशी आणि काढली कशी?

मी साहित्याची विद्यार्थिनी, मला काय उत्तर येणार! पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याच्या मागे मागे जाताना मला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा माणूस भेटला.

स्टीव्हन्सचा जन्म १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ या गावचा. बाथ हे फिकट पिवळ्या दगडांच्या घरांचं गाव, म्हणजे दगड त्याने लहानपणापासून पाहिलेला. तिथेच चार्ल्स डेव्हिस नावाच्या आर्किटेक्टच्या हाताखाली तो काम शिकला. मग हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची परीक्षा पास झाला आणि १८६७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, असिस्टंट इंजिनिअर म्हणून इकडे आला. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान! सुरुवातीला पुण्याला आणि लवकरच मुंबईला.

तो आला ती वेळ फार नशिबाची होती. मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती नुकत्याच पाडल्या होत्या. भिंतींच्या जागी मोकळी जमीन मिळाली होती, कापसाच्या व्यापारातून शहरात पैसा आलेला होता आणि सरकारला मोठमोठ्या इमारती हव्या होत्या. विद्यापीठ, हायकोर्ट, टपाल कचेरी, सगळं त्याच काही वर्षांतलं. तरुण आर्किटेक्टला आणखी काय पाहिजे? त्याचं पहिलं नाव घेण्यासारखं काम म्हणजे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, बोटीवरून उतरणाऱ्या खलाशांना राहण्याची जागा. राणी व्हिक्टोरियाच्या मुलाने १८७० मध्ये तिची पायाभरणी केली आणि १८७६ मध्ये इमारत उभी राहिली. पुढे तिथे कौन्सिलची सभा भरू लागली, आणि आता तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. दर्शनी बाजूला समुद्रदेव नेपच्यून अजून तसाच कोरलेला आहे. पोलिसांच्या दारावर नेपच्यून, मला ही गंमत फार आवडली.

हे काम बघून जीआयपी रेल्वेने सरकारकडे स्टीव्हन्सची मागणी केली. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती, आणि आता कंपनीला तिथे साजेसं स्टेशन आणि मुख्य कचेरी हवी होती. काम हातात आल्यावर तो दहा महिने रजा घेऊन युरोपात गेला आणि तिथली स्टेशनं बघून आला. लंडनच्या सेंट पँक्रसची छाप व्हीटीवर आहे, असं सगळे सांगतात आणि दोघांचे फोटो शेजारी ठेवले की ते पटतंही. पण सेंट पँक्रसवर मोर, माकडं नाहीत. व्हीटीच्या कमानींखाली बघा, आपल्याकडचे प्राणी, पक्षी, पानंफुलं दगडात दाटीवाटीने बसलेली आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. दोघं अगदी बरोबरीने बसलेत. दगडात तरी!

काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला १८८८ उजाडलं. म्हणजे दहा वर्षं. मध्येच, १८८७ मध्ये, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून स्टेशनाला तिचं नाव दिलं. खर्च सोळा लाखांच्या वर गेला.

आणि आता बाबांचा घुमट. तो आठकोनी आहे. त्याच्या दगडी फासळ्या खाचा पाडून एकमेकींत अडकवत वर नेल्या आहेत, आणि खाली सेंटरिंग न लावताच तो चढवला आहे. त्या काळात हे नवलच मानलं गेलं. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली बाई उभी आहे, तिचं नाव प्रगती. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं की तसं असेल तर प्रत्येक दगड खालीच अगदी मापात घडवून घ्यावा लागला असेल, मग तो घडवणारा कोण होता?

हा प्रश्न पुस्तकांनी तितक्या आवडीने विचारलेला नाही. काही नावं मात्र मिळतात. स्टेशनाच्या कामावर स्टीव्हन्सचे सहायक इंजिनिअर होते सीताराम खंडेराव वैद्य, आणि सुपरवायझर होते एम. एम. जनार्दन. नक्षीकाम केलं ते मुंबईच्या आर्ट स्कूलच्या, म्हणजे आजच्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्यावर देखरेख होती गोमेस नावाच्या गृहस्थांची. आडनाव वाचून मी जरा सरसावून बसले, खोटं कशाला बोलू. आमच्या चर्चच्या रजिस्टरमध्ये असतात तसलंच हे नाव. एक हुद्दा आणि एक आडनाव, एवढ्यावरच हे गृहस्थ इतिहासात उरले आहेत.

आणि दगड वाहणारे, चुना कालवणारे, भिंत चढवणारे? त्यांच्यासाठी मुंबईत एक शब्द होता, कामाठी. निझामाच्या मुलखातून पोट भरायला गेलेले तेलुगू बोलणारे मजूर. मुंबईत त्यांची वस्ती झाली ते कामाठीपुरा. आज ते नाव घेतलं की लोक वेगळंच काहीतरी समजून गालातल्या गालात हसतात, पण ते नाव मुळात बांधकामावरच्या माणसांचं आहे. आपलं आदिलाबाद तेव्हा एदलाबाद होतं आणि निझामाच्याच राज्यात होतं. म्हणजे ही माणसं आपल्या बाजूची. नंदिग्राम नव्हती तेव्हाही आपल्याकडचा रस्ता मुंबईला जातच होता.

स्टीव्हन्सच्या पुढच्या मोठ्या कामात तर यातलं एक नाव ठळकच दिसतं. व्हीटीच्या समोरच मुंबई महानगरपालिकेची इमारत आहे. तिची पायाभरणी १८८४ मध्येच लॉर्ड रिपनने केली होती. मद्रासकडे नाव कमावलेल्या रॉबर्ट चिझमचं डिझाइनही पुढे आलं होतं, पण शेवटी बांधलं गेलं ते स्टीव्हन्सचं. जागा अवघड होती, दोन रस्ते जिथे मिळतात तिथला त्रिकोणी तुकडा. त्याने अडचणीलाच तोंड बनवलं, त्रिकोणाच्या टोकावर २३५ फुटांचा मनोरा उभा केला. इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. खर्च सुमारे ११ लाख ८८ हजार, आणि तोही मंजूर रकमेपेक्षा थोडा कमीच! सरकारी कामात असं होऊ शकतं यावर आमच्या वर्गात कोणी विश्वास ठेवला नाही. या इमारतीचे कंत्राटदार होते व्यंकू बालाजी कालेवार, मुंबईतल्या तेलुगू समाजातले. स्टीव्हन्सचा कागद आणि कालेवारांची माणसं.

तोवर स्टीव्हन्सने सरकारी नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली होती. सरकारने त्याला सीआयई हा किताबही दिला होता. चर्चगेटसमोरची बीबीसीआय रेल्वेची कचेरी त्याने १८९० नंतरच्या वर्षांत बांधली. काळसर निळा दगड, त्यात पांढरे पट्टे, मध्ये घुमट, आणि कपाळावर हातात छोटं इंजिन धरलेली मूर्ती. आज ते पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे. मुंबईच्या दोन्ही रेल्वेंना एकाच माणसाने घर बांधून दिलं, हे मला आधी माहीतच नव्हतं.

ही कचेरी संपली १८९९ मध्ये. पुढच्याच मार्चमध्ये, १९०० साली, मलेरियाने स्टीव्हन्स मुंबईत गेला. वय बावन्न. मलेरिया डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने आपल्याच राज्यातल्या सिकंदराबादला शोधून काढलं, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. स्टीव्हन्सला शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. वयाच्या विसाव्या वर्षी आलेला माणूस इथलाच होऊन गेला. कंपनी त्याचा मुलगा चार्ल्स याने पुढे चालवली. कुलाब्याचं रीगल सिनेमा थिएटर हे चार्ल्सचं काम, १९३३ सालचं. बापाने दगडात मोर कोरले, मुलाने सिमेंटच्या सरळ रेषा ओढल्या.

आदिलाबादला आमच्या गल्लीच्या टोकाला एक दोन मजली घर आहे. फाटकावर संगमरवरात मालकाचं नाव आहे. घर बांधलं बाबांनी. तिथून जाताना ते कोपऱ्यावरच्या भिंतीला सहज हात लावतात, तडा गेलाय का ते बघतात आणि पुढे चालू लागतात. पुढच्या जत्रेला गेलो की त्यांना महानगरपालिकेची इमारत दाखवायची आहे. कालेवारांचं नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतलंय, आणि या वेळी लोकल सुटली तरी चालेल असं आधीच बजावून ठेवलंय.