उशीवरची गणिते

गेल्या रविवारी आमच्या घरी बटणावरून वाद पेटला. पिशवीत एक बटण आहे. पांढरे की काळे ठाऊक नाही, शक्यता निम्मी-निम्मी. मी त्यात एक पांढरे टाकले, पिशवी हलवली आणि न पाहता एक काढले. पांढरेच निघाले. मग आत उरलेले पांढरे असण्याची शक्यता किती? निम्मीच, असे सगळे एकमुखाने म्हणाले. पांढरे टाकले, पांढरे काढले, बदलले काय?

उत्तर आहे दोन तृतीयांश. आधीचे बटण पांढरे असेल तर हाती आलेले दोहोंपैकी कोणतेही असू शकते. काळे असेल तर मी टाकलेलेच. सारख्याच शक्यतेचे हे तीन प्रकार, त्यांतल्या दोहोंत मागे पांढरे उरते. वहिनींना हे अजून पटलेले नाही.

कोडे चार्ल्स डॉजसनचे, म्हणजे ॲलिसच्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरॉलचे. जन्म १८३२चा, पाद्र्याच्या घरातला. ऑक्सफर्डला त्याने १८८१पर्यंत गणित शिकवले. बोलताना अडखळे, लग्न केले नाही. रात्री श्रद्धेला हादरे देणारे विचार छळू लागले, की तो अंधारात पडल्या पडल्या मनातच गणिते सोडवी. अशी ७२ गणिते १८९३ साली त्याने छापली. शीर्षकात ‘निद्राहीन रात्री’ असे शब्द होते. स्नेह्यांची काळजीची पत्रे आली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्याने त्यांचे ‘जागेपणीचे तास’ केले! मला हा माणूस तिथे भेटतो.

‘जर-तर’ने मात्र त्याला अडवले. १८९४ साली ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने तीन न्हाव्यांचे कोडे मांडले. ॲलन, ब्राउन आणि कार. दुकानात एकजण तरी हवाच. ॲलन ब्राउनला घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. आता समजा, कार बाहेर गेला. मग ॲलन बाहेर असेल, तर दुकान सांभाळायला ब्राउन आत हवा. पण ॲलन बाहेर असेल, तर ब्राउनही बाहेरच! म्हणजे कारने कधी बाहेर पडूच नये की काय?

तसे नाही. ती दोन विधाने एकमेकांशी भांडतच नाहीत. दोन्ही खरी धरली तर इतकेच निघते, की ॲलन दुकानात आहे. कार खुशाल फिरून येवो. पण जे ‘जर’ घडलेच नाही, त्याच्या ‘तर’ला खरे म्हणायचे का? डॉजसनने हा प्रश्न लेखात उघडाच ठेवला. ऑक्सफर्डचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक कुक विल्सन यांच्याशी त्याचा या कोड्यावरून वाद चालू होता.

तर्कशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १८९६ साली निघाला. दुसरा अपुराच राहिला. १४ जानेवारी १८९८ रोजी गिल्डफर्डला तो वारला. हरवलेल्या त्या भागाची हाती लागलेली पाने १९७७ साली छापली गेली. न्हाव्याचे दुकान त्यांतही आहे.