कै. पालवणकर बाळू

बाळू हे अस्पृश्य गणलेल्या चर्मकार घराण्यातले. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखीत असता साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते निष्णात गोलंदाज झाले. तेथील हिंदू संघाने त्यांस खेळावयास घेतले खरे. परंतु चहा मात्र मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या पात्रातून दिला. सन १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. तथापि मुंबईच्या सामन्यांत हिंदूंचे नायकपद त्यांस कधीच लाभले नाही. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे बंधूही नामांकित क्रिकेटपटू. पैकी विठ्ठल ह्यांनी सन १९२३ मध्ये ते पद मिळविले. बाळू १९५५ साली निवर्तले. ज्या हाताचा चेंडू चालतो, त्या हाताचे पाणी का चालू नये, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवितो.