मत्तय 5–7 : गाडीत मिळालेलं पुस्तक आणि टिळक

आजचं वाचन : मत्तय, अध्याय 5 ते 7



डोंगरावरचं प्रवचन आपण संडे स्कूलपासून इतक्या वेळा ऐकलंय, की आता वाचताना नुसते डोळे सरकतात, मन जागचं हलत नाही. म्हणून आज अर्थ सांगत बसत नाही. हे तीन अध्याय आयुष्यात पहिल्यांदा वाचणाऱ्या एका माणसाबद्दल लिहितो. वय एकतीस, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांएवढंच. नाव नारायण वामन टिळक.

(गूगलवर टिळक टाकलं की आधी लोकमान्य येतात. तेही रत्नागिरीकडचे, तेही चित्पावन, काळही जवळजवळ तोच. हे वेगळे.) शाळेत जखमी पक्षिणीची कविता वाचून घसा दाटून आला असेल, तर ती यांचीच. आणि रविवारी आपण उपासना संगीतातून जी गीतं गातो, त्यातही यांचा वाटा खूप मोठा आहे. नाव न बघता आपण ती गात असतो एवढंच.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेली. पुढे नाशिकला येऊन त्यांनी संस्कृत शिकून घेतलं. 1880 मध्ये लग्न झालं. मुलगी गोखल्यांची मनकर्णिका, सासरचं नाव लक्ष्मीबाई. नोकरी एका जागी टिकेना. आज इथे, उद्या तिथे, खिशात आलेला पैसा समोर जो गरजू दिसेल त्याच्या हातात. कविता, कीर्तन, पुराण सांगणं चालू होतं, पण डोक्यात एक प्रश्न कायम होता. जातीपातीनं पोखरलेल्या या देशाला एकत्र बांधेल असा धर्म कुठला? एकही पुरेसा वाटेना, तेव्हा आपणच नवा काढावा इथपर्यंत त्यांची तयारी झाली होती.

1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना आदरानं वागवलं, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, मग धर्माचा विषय निघाला. उतरताना त्यांनी नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांना ते अर्थातच अशक्य वाटलं. पण पुस्तक वाचायचं वचन दिलं होतं, म्हणून उघडलं, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी अडकले. डोंगरावरचं प्रवचन संपेपर्यंत त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. जे प्रश्न घेऊन ते वर्षानुवर्षं फिरत होते, ते सगळे त्यांना तिथे भेटले.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या गृहस्थांनी टिळकांच्या देवांची टिंगल केली नाही. सुरुवात कालिदास-भवभूतीच्या भाषेपासून झाली. ऑफिसमधल्या मित्राला 'साक्ष' द्यायची म्हणून जे लोक आधी त्याच्या घरच्या गणपतीवर घसरतात, त्यांनी हा डब्यातला प्रसंग जरूर आठवावा.

दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार आणि आतली ओढाताण चालली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे बहुतेक साक्षी 'हालेलूया' म्हणून संपतात. मला तसं करवत नाही, कारण त्यांच्या बायकोला हे आधी नीट सांगितलेलंच नव्हतं. लक्ष्मीबाई पदरात लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या, आणि बातमी येऊन आदळली. नवरा जिवंत, पण सगळ्या नात्यागोत्याला मेल्यासारखा. वेड लागायची पाळी आली. पुढे बहिणीकडे पंढरपुरात त्या दिवस काढत राहिल्या. टिळकांची पत्रं येत, ते भेटायलाही येत. दुसरं लग्न करण्याचा सल्ला त्या काळात सहज मिळाला असता, तो रस्ता त्यांनी धरला नाही. तरीही माझं मत सांगतो : देवाचा शोध खरा होता, पण बायकोला अंधारात ठेवणं बरोबर नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात.

शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. वेगळी चूल, वेगळं पाणी, पूर्ण सोवळं. टिळकांनी सक्ती केली नाही. मग एके दिवशी त्यांचा त्यांनीच विचार सुरू केला. जनावरांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांच्या कुठे दिसतात? देवानं केल्या असत्या तर काही खूण ठेवली असती की! त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं असं त्यांनी ठरवलं. लक्षात घ्या, जात आधी सुटली, बाप्तिस्मा नंतर 1900 साली झाला. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे कित्येकदा उलटं होतं : बाप्तिस्मा तीन पिढ्यांपूर्वीचा, आणि सोयरीक बघताना मात्र मूळ जात विचारली जाते. हे सगळं लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय, आणि इतक्या गमतीदारपणे की रडताना हसू येतं. अजून वाचलं नसेल तर ह्या महिन्यात वाचाच.

टिळक अमेरिकन मराठी मिशनबरोबर नगरला काम करत होते. 1912 पासून 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू त्यांनी सांभाळली. पण त्यांची खरी झटापट मंडळीच्या सुरांशी होती. मराठी शब्द ओढूनताणून विलायती चालींवर बसवायचे, यात त्यांचा जीव रमत नव्हता. मराठी माणूस देवाशी बोलतो तो अभंगात, ओवीत, कीर्तनात. मग येशूशी बोलताना त्यानं भाषा का बदलावी? आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत, आणि पलीकडे पोचल्यावर त्यांनी तो पूल तोडला नाही. त्याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट पुढे महाराष्ट्रातल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेत बसले, हेही सांगून ठेवतो.

आपल्या यूथ मीटिंगमध्ये टाळ काढला की कुणीतरी हळूच विचारतं, हे हिंदू नाही का वाटत? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी टिळकांना विचारून झाला आहे. गिटार कुठल्या धर्माची, हे मात्र कुणी विचारत नाही.

घरही तसंच होतं, सताड उघडं. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे नगरला राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. त्यांनी ख्रिस्ती व्हावं अशी अट घातली गेली नाही आणि ते झालेही नाहीत. दुष्काळातली पोरकी मुलंही त्याच घरात वाढली.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं, पगारही सोडला, आणि संन्याशासारखं राहायला लागले. साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायचा त्यांचा विचार होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसणार होते. ही कल्पना आजही अनेक पाळकांना पचणार नाही. मलाही ती पूर्ण पटते असं नाही. बाप्तिस्म्याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे. पण ज्या माणसाला बाप्तिस्म्यापायी घरदार गमवावं लागलं, त्यानंच बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठी दार उघडं ठेवावं, यावर मी पुन्हा पुन्हा थांबतो.

दरबार नीट उभा राहायच्या आतच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे येशूचं ओवीबद्ध चरित्र त्यांनी सुरू केलं होतं, पण दहा-अकरा अध्यायांपलीकडे सरकलं नव्हतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. हो, त्याच. शेवटचा अध्याय त्यांच्या मुलानं, दत्तूनं, पुरा केला.

उद्याचं वाचन : मत्तय 8.