उल्सानचा उद्योगपती : चुंग जू-यंग

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरील तोंगचोन परगण्यात, असान नावाच्या खेड्यात, २५ नोव्हेंबर १९१५ रोजी चुंग जू-यंग यांचा जन्म झाला. देश तेव्हा जपानच्या अंमलाखाली होता. गरीब शेतकऱ्याच्या या थोरल्या मुलाने वडिलांची शेती पुढे चालवावी हे ठरलेलेच होते. मुलाला मात्र ते मान्य नव्हते. घरातून पळून जाण्याच्या एका प्रयत्नात, वडिलांनी गाय विकून मिळविलेले सत्तर वॉन त्याने बरोबर नेले. वडिलांनी त्याला सेऊलमध्ये शोधून परत आणले. तो पुन्हा निसटला, आणि इंचनच्या बंदरात हमाली करून अखेर सेऊलमधील एका तांदळाच्या दुकानात स्थिरावला. पुढे ते दुकान, मग मोटारदुरुस्तीचा धंदा, १९४७ मधील ह्युंदाई ही बांधकाम-संस्था आणि युद्धकाळातील अमेरिकन सैन्याची कंत्राटे, असे टप्पे त्यांनी भराभर ओलांडले.

१९६१ मध्ये पार्क चुंग-ही यांची लष्करी राजवट आली आणि चित्र पालटले. शासनाने बँका आपल्या ताब्यात घेतल्या, स्वस्त कर्ज निर्यातीशी जोडले व परदेशी कर्जांना स्वतःची हमी दिली. जो निर्यात वाढवील, त्याला भांडवल मिळे. चेबोल या नावाने ओळखले जाणारे घराण्यांचे उद्योगसमूह या व्यवस्थेत फोफावले. १९६४ मध्ये दहा कोटी डॉलरांची असलेली देशाची निर्यात १९७७ मध्ये हजार कोटींवर गेली.

चुंग यांची खरी कसोटी उल्सान येथे लागली. मोठे जहाज बांधण्याचा अनुभव नाही, गोदीही नाही, अशा स्थितीत ते १९७१ मध्ये कर्जासाठी लंडनला गेले. तेथे पाचशे वॉनच्या नोटेवरील कासवाच्या आकाराच्या प्राचीन युद्धनौकेचे चित्र आपण दाखविले, असे ते पुढे सांगत. ग्रीक जहाजमालक लिवानोस यांनी दोन महाकाय तेलवाहू जहाजांची मागणी नोंदविली, तेव्हा गोदीच्या जागी केवळ वाळूचा किनारा होता. १९७२ मध्ये काम सुरू झाले. गोदी व जहाजे एकाच वेळी बांधली गेली. तेलसंकटानंतर काही ग्राहकांनी जहाजे घेण्याचे नाकारले. चुंग यांनी ती वापरण्यासाठी स्वतःचीच नौवहन-संस्था काढली. ही धाडसकथा आवडीने सांगितली जाते; तिच्यामागची शासनाची हमी मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पुढे सौदी अरेबियातील जुबैल बंदराचे अवाढव्य कंत्राट आले. बंधू से-यंग यांच्या देखरेखीखाली घडलेली पोनी मोटार १९७६ मध्ये एक्वाडोरला गेली, आणि १९८६ मध्ये एक्सेल अमेरिकेत पोहोचली. या यशाची किंमत कामगारांनी मोजली. दीर्घ तास, लष्करी शिस्त आणि संघटनेला विरोध यांविरुद्धचा त्यांचा रोष १९८७ च्या उन्हाळ्यात उल्सानच्या रस्त्यांवर उतरला. संघटना मान्य करणे चुंग यांना जड गेले. कामगारांकडे ते कुटुंबप्रमुखाच्या नात्यानेच पाहत. १९९२ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली व ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

जन्मगाव फाळणीनंतर उत्तरेच्या हद्दीत गेले होते. १९९८ च्या जूनमध्ये पाचशे व ऑक्टोबरमध्ये पाचशे एक गुरे घेऊन त्यांनी पान्मुनजोमची सीमा ओलांडली. वडिलांच्या त्या एका गाईची ही परतफेड होती. दोन वर्षांनी वारसाहक्कावरून पुत्रांमध्ये उघड संघर्ष पेटला व समूह फुटू लागला. २१ मार्च २००१ रोजी सेऊल येथे चुंग निवर्तले.