शेतकऱ्याला संघटनेचं बळ देणारे भाऊसाहेब : पापळच्या पंजाबराव देशमुखांची गोष्ट

आसेगाव : मंगरूळपीर, कारंजा भागात संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापारी बागेत येतो. एकट्या बागायतदाराला तो सांगेल तो भाव ऐकावा लागतो. दहा जण एकत्र असले तर बोलणी वेगळी होते. ही साधी गोष्ट देशभरातल्या शेतकऱ्यांना पटवून देण्यासाठी आपल्याच वऱ्हाडातला एक माणूस आयुष्यभर झटला. ते म्हणजे डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख.

भाऊसाहेबांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी घरात झाला. गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून चांदूर रेल्वे, मग आपलं कारंजा लाड, त्यानंतर अमरावती आणि पुणे असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. 1920 मध्ये ते इंग्लंडला गेले. बॅरिस्टर झाले, वेदकाळातील धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली.

एवढं शिकून ते परत वऱ्हाडातच आले. अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. तिच्या शाळा-कॉलेजांतून विदर्भातल्या कितीतरी शेतकऱ्यांची पोरं शिकली.

1930 मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. तेव्हा कास्तकार सावकारी कर्जात पार बुडालेला होता. भाऊसाहेबांनी कर्ज लवाद कायद्यासाठी जोर लावला आणि 1933 मध्ये तो कायदा आला. सावकार आणि कर्जदार यांना मंडळासमोर बसवायचं, देणं किती ते ठरवायचं आणि हप्ते पाडून द्यायचे, अशी त्याची पद्धत होती.

स्वातंत्र्यानंतर ते संविधान सभेचे सदस्य होते. 1952 ते 1962 अशी दहा वर्षं त्यांनी केंद्रात कृषी खातं सांभाळलं. पण नुसत्या सरकारी योजनांनी भागणार नाही, शेतकऱ्याची स्वतःची संघटना पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून 1955 मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. धान पिकवणारा असो की फळबागवाला, सगळ्यांना त्यात जागा होती.

डिसेंबर 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिका, रशियासारखे देश तिथं आले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर हेही हजर होते. परदेशातली शेती आपल्या शेतकऱ्याला डोळ्यांनी पाहता यावी, यासाठी भाऊसाहेबांनी हा घाट घातला होता.

10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. चार वर्षांनी, 1969 मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं, त्याला त्यांचंच नाव लाभलं. पीडीकेव्ही बहार, पीडीकेव्ही चक्रधर हे कागदी लिंबाचे वाण याच विद्यापीठाचे. त्यातलं पीडीकेव्ही म्हणजे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ.

आज गावोगावी शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या निघत आहेत. काही कागदावरच राहतात, काही एकत्र माल विकून दाखवतात. भाऊसाहेबांची जयंती दरवर्षी येते, फोटोला हार पडतो. पण पुढच्या बहाराचा सौदा दहा बागायतदारांनी मिळून केला, तर तीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.